लायब्निट्स–क्लार्क पत्रव्यवहार

(१७१५–१६). ईश्वर व निसर्गनियम यांच्या संबंधाविषयीचा गाजलेला वाद. ग्रहांच्या परस्पर आकर्षणाने सूर्यमालेत बिघाड साचत जाईल व ती पुन्हा सावरावी लागेल, असे न्यूटन यांनी ‘ऑप्टिक्स’मध्ये सुचविले होते. वारंवार दुरुस्ती लागणारे घड्याळ घडविणारा ईश्वर अकुशल ठरतो, असा आक्षेप जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्स यांनी वेल्सची युवराज्ञी कॅरोलाइन हिला लिहिलेल्या पत्रात घेतला. न्यूटन यांचे स्नेही, धर्मोपदेशक सॅम्युएल क्लार्क यांनी उत्तर दिले : ईश्वराविना चालणारे विश्व मानणे म्हणजे जडवादाला वाट करून देणे; निसर्गक्रम हीच ईश्वराची अखंड कृती होय. वाद श्रद्धावान आणि नास्तिक यांच्यातला नव्हता. दोघेही निष्ठावंत ख्रिस्ती होते, हे विसरता कामा नये. प्रत्येकी पाच पत्रांनंतर लायब्निट्स यांचे निधन झाले. क्लार्क यांनी १७१७ मध्ये पत्रे प्रसिद्ध केली.