स्त्रीला देव्हारा नको, सभ्य वागणूक हवी

"पूर्वी बायकांना किती मान असायचा, आजच्या पोरांना साधी रीत नाही," असं वाक्य हल्ली जिथेतिथे ऐकू येतं. पूर्वी म्हणजे नेमकं कधी? आणि कोणत्या बायकांना? हे दोन प्रश्न विचारले की बोलणारे गप्प होतात.

नारीपूजेचा जो श्लोक महिला दिनाच्या भाषणात हमखास म्हटला जातो, तो मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायातला. त्याच ग्रंथाचा पाचवा अध्याय सांगतो की, स्त्रीने बालपणी बापाच्या, तरुणपणी नवऱ्याच्या आणि पुढे मुलांच्या ताब्यात राहावं. स्वतंत्र कधीच नाही. म्हणजे पूजा आणि गुलामी एकाच पुस्तकात सुखाने नांदतात. मूर्तीची पूजा करता येते, कारण मूर्ती उलट बोलत नाही. सभ्यता मात्र उलट बोलणाऱ्या माणसाशीच दाखवावी लागते.

पुण्यात सावित्रीमाई मुलींना शिकवायला निघाल्या तेव्हा त्यांच्यावर शेण आणि दगड फेकणारे कुणी अडाणी लोक नव्हते, संस्कृती सांभाळणारेच होते. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून विचारलं की, सगळे दोष बाईच्याच माथी का? तेव्हा टीकेचं मोहोळ उठलं. ताराबाईंच्या बाजूने जोतीराव फुले उभे राहिले.

आणि दलित स्त्री? तिच्या वाट्याला ही खोटी पूजासुद्धा आली नाही. तिला 'अहो' नाही, 'बाई' नाही. तिला फक्त 'ए' आणि 'अगं'. तिचं लुगडं आणि अंगावरचे दागिने बघून समोरचा माणूस आपली जीभ किती सोडायची ते ठरवायचा. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळल्यानंतर बाबासाहेबांनी स्त्रियांना अस्पृश्यतेची ओळख पटवणारा पेहराव टाकून द्यायला सांगितलं, त्याचा अर्थ इथे आहे. तो नटण्यामुरडण्याचा सल्ला नव्हता. अपमानाची खूणच त्यांना पुसायची होती.

२० जुलै १९४२ ला नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली. घटस्फोटाचा हक्क हवा, बहुपत्नीत्व बंद व्हावं, असे ठराव तिथे झाले. पत्नीने नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची होऊन राहावं, दासी होऊ नये, असं बाबासाहेबांनी तिथेच सांगितलं. पुढे हिंदू कोड बिल अडवलं गेलं, आणि ते एक मोठं कारण ठरून १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं.

आज ऑफिसात पुरुष जरा जपून बोलतात. हे कुणामुळे? राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरी देवींमुळे. कुंभार जातीची ही बाई सरकारी कार्यक्रमात 'साथिन' म्हणून बालविवाह थांबवत होती. १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये खालच्या कोर्टाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. वरच्या जातीचा पुरुष खालच्या जातीच्या बाईला शिवेल कसा, अशा धर्तीचा तर्क त्यात होता. पण त्या प्रकरणामुळे महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, १९९७ चा विशाखा निकाल आला आणि २०१३ चा कायदा झाला. शहरातल्या शिकलेल्या मॅडमला मिळणारं सौजन्य एका कुंभार बाईच्या लढ्याची कमाई आहे. ते कुणाचे घरंदाज संस्कार नाहीत.

आता आपल्याकडे बघू. जयंतीच्या स्टेजवर रमाईच्या त्यागावर तासभर बोलणारा कार्यकर्ता घरी बायकोला "तुला काय कळतं, गप बस" म्हणत असेल, तर त्याने मनुस्मृती फक्त कागदावर जाळली. संघटनेत स्त्रियांनी ओवाळायचं, स्वयंपाक बघायचा आणि ठराव पुरुषांनी मांडायचे, ही कुठली समता?

बसमध्ये जागा देणं, दार उघडून धरणं चांगलंच आहे. पण खरी कसोटी वेगळी आहे. ती बोलत असताना मध्ये न तोडणं, तिचा नकार नकार म्हणून ऐकणं, आणि धुणीभांडी करणाऱ्या बाईलाही साहेबांच्या बायकोइतक्याच आदराने 'अहो' म्हणणं. हे ज्याला जमलं, त्यालाच बाबासाहेब कळले.

जयभीम!