अल्गॉन्क्विनच्या सरोवराकाठी तंबू ठोकण्यापूर्वी

‘पार्क’ हा शब्द ऐकला की पणजीकराच्या डोळ्यांसमोर कांपालची बाग उभी राहते. चार बाके, रंगवलेले कुंपण आणि संध्याकाळी बंद होणारे फाटक. कॅनडातील ‘प्रोव्हिन्शियल पार्क’, म्हणजेच प्रांतिक उद्यान, समजून घ्यायचे तर हे चित्र प्रथम पुसून टाकावे लागते. ऑन्टारिओ प्रांतातील अल्गॉन्क्विन उद्यानाचा विस्तार साडेसात हजार चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. गोवा राज्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. तेव्हा दोन गोवे या एका उद्यानात सहज सामावतील. त्यात सुमारे २,४०० सरोवरे आहेत आणि मोटाररस्ता असा मुख्यत्वे एकच, क्रमांक ६० चा महामार्ग, जो उद्यानाच्या दक्षिण भागातून ५६ किलोमीटर धावतो.

टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन या परिसरात आता गोव्यातील घरटी कुणी ना कुणी आहे, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. उन्हाळ्यात आईवडील मुलांकडे जातात आणि मुले हौसेने त्यांना ‘कॅम्पिंग’ला नेण्याचा बेत आखतात. हा बेत आखणाऱ्यांसाठी, आणि त्यात सामील केल्या जाणाऱ्या ज्येष्ठांसाठीही, ही माहिती.

नावाबद्दल थोडे आधी सांगायला हवे, कारण त्यात अनेकांची गल्लत होते. बॅन्फसारखी राष्ट्रीय उद्याने ‘पार्क्स कॅनडा’ या केंद्रीय संस्थेकडे असतात, तर प्रांतिक उद्याने त्या त्या प्रांताच्या अखत्यारीत. अल्गॉन्क्विनची स्थापना १८९३ साली झाली ती गंमत म्हणजे ‘राष्ट्रीय उद्यान’ या नावाने, पण कायदा ऑन्टारिओ प्रांताचा होता. ‘प्रांतिक’ हे नाव १९१३ मध्ये आले. ऑन्टारिओतील हे सर्वांत जुने प्रांतिक उद्यान. नद्यांचे उगम आणि वन्यप्राणी राखावेत हा हेतू होता, पण लाकूडतोड थांबवलेली नव्हती. आजही व्यापारी वृक्षतोडीला मुभा असलेले ऑन्टारिओतील हे एकमेव प्रांतिक उद्यान आहे. उद्यानाला ज्यांचे नाव दिले, त्या अल्गॉन्क्विन आदिवासी समाजाचा या भूमीवरील हक्काचा दावा दीर्घकाळ चालू आहे, हेही तिथे जाणाऱ्याला ठाऊक असावे.

ऋतू कोणता निवडावा

दिनदर्शिकेत मे महिना उन्हाळ्याचा दिसतो म्हणून फसू नये. इथल्या सरोवरांवरचा बर्फ साधारणतः एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या आरंभी वितळतो. त्यानंतर मेच्या मध्यापासून जूनच्या उत्तरार्धापर्यंत ‘ब्लॅक फ्लाय’ नावाच्या बारीक काळ्या माश्यांचे राज्य असते. त्या दिवसा चावतात, केसांच्या मुळाशी आणि कानामागे शिरतात. त्यांच्या पाठोपाठ डास येतात ते जुलैभर मुक्काम करतात. फिक्या रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डोक्यावरून घ्यायची जाळी या दिवसांत आवश्यक ठरते. मेजून हे महिने ‘मूस’ हा अजस्र हरीण-कुळातील प्राणी दिसण्यासाठी उत्तम, कारण हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ कडेच्या डबक्यांत साचते आणि ते चाटायला तो महामार्गालगत येतो. त्याच कारणासाठी या रस्त्यावर रात्री गाडी हळू चालवावी. अंधारात मूसचे गडद अंग दिसत नाही आणि त्याच्याशी झालेली टक्कर दोघांच्याही जिवावर बेतू शकते.

प्रथमच जाणाऱ्या कुटुंबाने ऑगस्टचा उत्तरार्ध निवडावा, असे माझे मत आहे. पाणी तोपर्यंत पोहण्याइतके कोमट झालेले असते आणि कीटक ओसरलेले असतात. ऑगस्टमधील गुरुवारी लांडग्यांना साद घालण्याचा सार्वजनिक कार्यक्रम घेण्याची १९६३ पासूनची परंपरा इथे आहे. आदल्या संध्याकाळी लांडग्यांचा आवाज जवळपास ऐकू आला असेल तरच तो होतो. शेकडो मोटारींचा ताफा काळोखात महामार्गाच्या कडेला थांबतो, कर्मचारी लांडग्यासारखी आरोळी देतात, आणि नशीब असेल तर जंगलातून उत्तर येते. सप्टेंबरच्या अखेरच्या आठवड्यात मेपलची पाने लाल होतात तेव्हा गर्दी एवढी उसळते की नुसत्या दिवसभराच्या भेटीसाठीही वाहनाचा परवाना आधी काढावा लागतो. तो पाच दिवस अगोदर उपलब्ध होतो.

आरक्षण

बेत बहुधा इथेच फसतो. ‘ऑन्टारिओ पार्क्स’च्या संकेतस्थळावर मुक्कामाच्या तारखेच्या पाच महिने आधी, सकाळी ७ वाजता आरक्षण खुले होते. म्हणजे २० जुलैला पोहोचायचे असेल तर २० फेब्रुवारीला. त्या वेळी भारतात संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. लोकप्रिय तळांवरील शनिवार-रविवारच्या जागा फार लवकर संपतात, म्हणून खाते आधी उघडून, जागेचे क्रमांक ठरवून बसावे. एका जागेवर सहा माणसे किंवा एकच कुटुंब, आणि मुक्कामाच्या शुल्कात एक वाहन, असा सर्वसाधारण नियम. दोन कुटुंबे असतील तर शेजारच्या दोन जागा घ्याव्या लागतात. जुलै-ऑगस्टच्या भर हंगामात अल्गॉन्क्विनसह गर्दीच्या पाच उद्यानांत एका वेळी जास्तीत जास्त सात रात्रीच राहता येते.

या पैशांत काय मिळते, याविषयी आपल्याकडील अनुभवावरून अंदाज बांधू नये. पवना धरणाच्या काठी उभा केलेला तंबू, गादी, रात्रीचे जेवण आणि कानठळ्या बसवणारे संगीत यांचा एकत्रित दर असतो. इथे मिळते ती झाडांच्या आडोशाची मोकळी जमीन, एक लाकडी मेज आणि शेकोटीचा खड्डा. तंबूपासून चमच्यापर्यंत सारे आपण न्यायचे. संगीताबद्दल तर बोलायलाच नको; दुसऱ्याला त्रास होईल असा आवाज दिवसाही चालत नाही.

महामार्ग ६० लगतच्या तळांपैकी कुठला निवडावा? या रस्त्यावरील ठिकाणे पश्चिम फाटकापासूनच्या किलोमीटरने ओळखली जातात. लेक ऑफ टू रिव्हर्स हा साधारण मध्यावरचा तळ: वाळूचा किनारा, जवळच दुकान आणि खाद्यगृह, मुलांसाठी सोयीचा, पण गजबजलेला. पॉग लेक आणि रॉक लेक त्या मानाने शांत. म्यू लेक वर्षभर खुला असतो आणि तिथे ‘यर्ट’ आहेत. यर्ट म्हणजे लाकडी फळ्यांवर उभारलेली, कापडी भिंतींची गोल खोली. आत सहा जणांसाठी पलंग आणि विजेची ऊब. ज्यांना जमिनीवरून उठताना गुडघ्यांशी वाटाघाटी कराव्या लागतात, अशा आईवडिलांसाठी मुलांनी तंबूचा हट्ट सोडून यर्ट शोधावा. तंबूच हवा असेल तर संकेतस्थळावरील नकाशात स्वच्छतागृहाचे अंतर पाहूनच जागा घ्यावी. अगदी शेजारची नको, कारण रात्रभर दार आपटत राहते. पण मध्यरात्री बॅटरी घेऊन अर्धा फर्लांग चालण्याची वेळही येऊ नये.

थंडी, अंथरूण, प्रवास

टोरांटोहून पश्चिम फाटक अडीचशे ते पावणेतीनशे किलोमीटरवर आहे. शुक्रवारी संध्याकाळी सगळे शहर उत्तरेकडे निघते, तेव्हा तीन तासांचा रस्ता पाच तास घेतो. हन्ट्सव्हिलला इंधन भरून घ्यावे. जागेचा ताबा दुपारी २ नंतर मिळतो. जुलैत सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे सहापर्यंत पोहोचल्यास उजेडात तंबू उभा राहतो. तंबू नवा असेल तर तो घराच्या अंगणात एकदा उभारून पाहिलेला असावा.

हा प्रदेश उंचावर असल्याने शहराहून गार असतो. जुलैतही पहाटे पारा दहा-बारा अंशांवर उतरतो आणि सप्टेंबरात दहिवर गोठू शकते. आपल्याकडची माणसे पांघरुणे भरपूर नेतात आणि खाली घालायला चादर! थंडी प्रामुख्याने जमिनीतून चढते. जाड फोमची वळकटी किंवा हवा भरायची चटई खाली असेल तर वरचे एक पांघरूण कमी चालते. लोकरीची टोपी आणि कोरडे मोजे रात्रीसाठी वेगळे ठेवावेत.

अन्न आणि अस्वले

उद्यानात काळी अस्वले आहेत. ती स्वभावतः माणसाला टाळतात, पण त्यांचे नाक विलक्षण तीक्ष्ण असते, आणि एकदा माणसाच्या खाण्याची चटक लागलेले अस्वल पुन्हा पुन्हा येते. अशा अस्वलाला अखेर बहुधा मारावे लागते. म्हणून नियम कडक आहेत. जेवण होताच सर्व अन्न, शीतपेटी, न धुतलेली भांडी, कचरा, एवढेच नव्हे तर टूथपेस्ट, साबण आणि केसांचे तेलही मोटारीत बंद करायचे. तंबूत बिस्किटाचा पुडादेखील नको. हल्ले अत्यंत विरळ असले, तरी १९९१ मध्ये ओपिऑन्गो सरोवरातील बेट्स बेटावर अस्वलाने दोन जणांचा बळी घेतला होता, ही नोंद विसरता येत नाही. अस्वल समोर आलेच तर पळू नये, झाडावर चढू नये; त्याच्याकडे पाठ न करता, मोठ्याने बोलत मागे सरकावे आणि त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवावी.

या दृष्टीने गोमंतकीय शिदोरीचा विचार केला तर सुके बांगडे आणि सुक्या सुंगटांची किसमूर घरीच ठेवलेली बरी. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, भाजलेले पोहे, कोरडी चटणी, घरी परतून नेलेला उपम्याचा रवा हे सारे वजनाला हलके आणि झटपट होणारे. डाळ रात्रभर भिजवलेली असली की लवकर शिजते. स्वयंपाकासाठी गॅसची छोटी शेगडी हवीच, कारण कोरड्या उन्हाळ्यात उद्यानभर शेकोटीबंदी लागू होते आणि केवळ लाकडांवर विसंबलेले कुटुंब उपाशी राहते. मात्र पाऊस आला म्हणून ती शेगडी तंबूच्या आत कधीही पेटवू नये. आग लागण्याची भीती असतेच, पण कार्बन मोनॉक्साइड हा वासरहित वायू झोपेतच जीव घेतो. ऊब मिळावी म्हणून निखारे आत नेणेही तितकेच घातक.

सरपण घरून नेऊ नये, तळावरील झाडांच्या फांद्याही गोळा करू नयेत. ऑन्टारिओतील ॲश वृक्षांचा फडशा पाडणारा हिरवा भुंगेरा लाकडांतूनच गावोगाव पसरला. उद्यानातच सरपण विकत मिळते.

पाणी

अस्वलाची भीती सर्वांना वाटते. पाण्याची वाटत नाही, आणि खरा धोका तिथे आहे. समुद्राकाठी वाढलेल्या माणसाला सरोवर निरुपद्रवी वाटते: लाट नाही, ओढ नाही, खारट चव नाही. परंतु गोड्या पाण्यात शरीर समुद्रापेक्षा कमी तरंगते, तळ काही पावलांवर एकदम खोल जाऊ शकतो आणि मे-जूनमधील थंड पाण्यात पडताच श्वास कोंडून पट्टीचा पोहणाराही पहिल्या मिनिटातच हतबल होतो. गोव्याच्या किनाऱ्यांवर दिसणारे जीवरक्षक इथे नाहीत. ऑन्टारिओच्या प्रांतिक उद्यानांत ते नेमले जात नाहीत. पोहण्याच्या जागी तरंगते गोळे असतात ते केवळ हद्द दाखवण्यासाठी. पाण्यात उतरलेल्या मुलांकडे एका मोठ्या माणसाने हातातला फोन ठेवून सतत पाहत राहावे, आणि ‘सगळेच पाहताहेत’ या समजुतीवर विसंबू नये.

कॅनू ही लांबट, हलकी होडी इथली खरी ओळख. कॅनू लेक आणि ओपिऑन्गो येथे ती भाड्याने मिळते. होडीतील प्रत्येकासाठी मापाचे जीवरक्षक जाकीट होडीत असणे कायद्याने बंधनकारक आहे. पण ते पायाशी नव्हे, अंगात असावे. पोहणाऱ्या मुलांसाठी अशी जाकिटे उसनी देण्याची सोय ऑन्टारिओतील अनेक उद्यानांत आहे. ओपिऑन्गो हे उद्यानातील सर्वांत मोठे सरोवर, दुपारी वारा सुटला की तिथे लाटा उठतात, म्हणून नवख्यांनी सकाळी, काठाकाठाने वल्हवावे. टॉम थॉमसन हा चित्रकार या पाण्याचा चांगला जाणकार होता. त्याची ‘द जॅक पाइन’ आणि ‘द वेस्ट विंड’ ही चित्रे कॅनडात घरोघरी ओळखली जातात. जुलै १९१७ मध्ये तो कॅनू लेकवर एकटाच होडीतून निघाला आणि आठवडाभराने त्याचा मृतदेह त्याच सरोवरात सापडला. मृत्यूच्या कारणावर आजही वाद आहे.

पिण्यासाठी तळावरील नळाचे पाणी वापरावे. सरोवराचे कितीही नितळ दिसले तरी उकळल्याशिवाय पिऊ नये. मासेमारीची हौस असेल तर परवाना लागतो, पाहुण्यांनाही. जिवंत मासा आमिष म्हणून वापरण्यास अल्गॉन्क्विनमध्ये बंदी आहे.

ज्येष्ठ पाहुण्यांसाठी

कॅनडातील सरकारी आरोग्यसेवा पाहुण्यांना लागू होत नाही. सुपर व्हिसावर गेलेल्यांना विमा सक्तीचा असतो. साध्या व्हिसावर गेलेल्यांनी तो स्वतः काढावा आणि त्याची प्रत व औषधे तंबूत नव्हे, मोटारीच्या कप्प्यात ठेवावीत. महामार्गावर मोबाइलला संपर्क मिळतो, पण सर्वत्र नाही, आणि आतल्या सरोवरांकडे मुळीच नाही. तेव्हा कुठे जाणार व कधी परतणार हे घरी कुणाला तरी सांगून ठेवावे.

चालण्यासाठी ४२ व्या किलोमीटरनंतरची स्प्रूस बॉगची वाट सुचवावीशी वाटते. दीड किलोमीटर लांब, बरीचशी फळ्यांवरून जाणारी, जवळजवळ सपाट. ४३ व्या किलोमीटरवरील अभ्यागत केंद्राच्या सज्जातून दूरवरचे जंगल बसल्या जागी दिसते. ‘लुकआउट’ची वाट अंतराने दोनच किलोमीटर, पण चढण दमवणारी आहे आणि कड्याला कठडा नाही.

निघताना जागा दुपारी २ च्या आत रिकामी करावी लागते. शेकोटीवर पाणी ओतून राख हाताला गार लागेपर्यंत ढवळावी. तंबू ओला गुंडाळावा लागला तर घरी पोहोचताच त्याच दिवशी गच्चीत किंवा गॅरेजमध्ये पसरून वाळवावा. बुरशी दोन दिवसांत धरते आणि तिचा वास पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जात नाही.