वैतरणेचे मुख आणि माथा : अर्नाळा बेट व जव्हार-मोखाडा यांच्यातील प्रवासाचा इतिहास

प्रस्तावना

पालघर जिल्ह्याच्या पर्यटनविषयक लेखनात सामान्यतः दोन चित्रे आढळतात. एक किनाऱ्याचे : अर्नाळा, केळवे, डहाणू, बोर्डी येथील पुळण, सुरूची बने आणि चिकूच्या वाड्या. दुसरे डोंगराचे : जव्हारचा राजवाडा, दाभोसाचा धबधबा, सूर्यमाळची थंडी. ही दोन्ही चित्रे माहितीपुस्तिकांत शेजारीशेजारी छापली जातात. त्यांचा परस्परसंबंध मात्र क्वचितच तपासला जातो. वास्तविक ज्या वैतरणेच्या मुखाशी अर्नाळा बेट आहे, तीच नदी त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावून मोखाडा तालुक्याच्या परिसरातून खाली उतरते. जव्हारच्या बाजूने येणाऱ्या पिंजाळ आणि सूर्या या नद्याही पुढे तिलाच मिळतात. माथा आणि मुख यांच्यामध्ये माणसांची ये-जा किमान दोन हजार वर्षे चालू आहे. या ये-जा करणाऱ्यांपैकी 'पाहुणा' कोणास म्हटले गेले आणि कोणास म्हटले गेले नाही, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्राचीन मार्ग आणि किनारा

नाशिकच्या पांडवलेण्यातील उषवदाताचा शिलालेख या दृष्टीने महत्त्वाचा आहे. क्षत्रप नहपानाचा हा जावई इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातील. त्याच्या दानांच्या यादीत शूर्पारक म्हणजे आजचे सोपारे येथे प्रवाशांसाठी विश्रामगृहे बांधल्याचा उल्लेख येतो. तसेच डहाणुका, दमणा, पारदा इत्यादी नद्यांवर विनामूल्य तरींची सोय केल्याचीही नोंद आहे. नाशिकच्या लेण्यात बसून कोणी डहाणूच्या नदीवरील तरीची नोंद करतो, याचा अर्थ घाटमाथा आणि किनारा यांच्यातील वाहतूक तेव्हा नित्याची होती. जव्हार-मोखाड्याचा प्रदेश या दोन टोकांच्या मध्ये येतो. तो दुर्गम असला तरी जगापासून तुटलेला होता, हा समज तपासून पाहण्याजोगा आहे.

अर्नाळ्याचा इतिहास तुलनेने सुपरिचित आहे. गुजरातच्या सुलतानांच्या अमलात १५१६ मध्ये बेटावर तटबंदी उभी राहिली. पुढे बेट पोर्तुगीजांकडे गेले. १७३७ मध्ये मराठ्यांनी ते घेतले व किल्ला नव्याने बांधून काढला. प्रवेशद्वारावरील शिलालेखात पहिल्या बाजीराव पेशव्यांचा उल्लेख आहे. वसईच्या मोहिमेत वैतरणेचे मुख ताब्यात असणे मराठ्यांना आवश्यक होते. आज रविवारी होडीने बेटावर उतरणारा पर्यटक तट, बुरूज आणि आतील अष्टकोनी तलाव पाहून परततो. त्या बेटावर मच्छीमारांची मोठी वस्ती नांदते आहे, ही गोष्ट मात्र त्याच्या छायाचित्रांत अभावानेच येते.

जव्हार संस्थान : समुद्राविना राज्य

जव्हारचे मुकणे घराणे महादेव कोळी समाजातील. संस्थापक जयबा मुकणे याने बैलाच्या कातड्याएवढी जमीन मागितली, नंतर त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्यांनी मोठा प्रदेश वेढला, अशी आख्यायिका सांगितली जाते. हीच कथा कार्थेजच्या राणीबद्दलही सांगितली जाते. त्यामुळे तिला इतिहास न मानता सत्तेच्या वैधतेविषयीची लोककल्पना मानणे अधिक योग्य. जयबाचा पुत्र नेमशहा यास १३४३ मध्ये दिल्लीच्या मुहम्मद तुघलकाकडून राजा म्हणून मान्यता मिळाली, अशी संस्थानची परंपरा होती आणि त्या वर्षापासून तेथे स्वतंत्र शकही मोजला जाई. त्या काळी बावीस किल्ले आणि नऊ लाखांचा वसूल असल्याचे सांगितले जाते. आकडा परंपरेचा आहे, हे ध्यानात ठेवूनच तो घ्यावा लागतो.

जव्हारच्या सर्वांत प्रसिद्ध पाहुण्याची आठवण शिरपामाळ या स्थळाशी निगडित आहे. १६६४ च्या सुरत मोहिमेच्या वेळी छत्रपती शिवाजी महाराज येथून गेले आणि राजा विक्रमशहाने त्यांना शिरपेच अर्पण केला, अशी स्थानिक परंपरा आहे. हा प्रसंग आज प्रत्येक पर्यटकास सांगितला जातो. त्यानंतर आठच वर्षांनी, १६७२ मध्ये, मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार जिंकले आणि तेथील खजिना हस्तगत केला, ही घटना मात्र सहसा सांगितली जात नाही. स्वागताची कथा आणि पराभवाची कथा यांपैकी पहिलीच पर्यटनास सोयीची असते. अठराव्या शतकात पेशव्यांच्या काळात संस्थानचा मुलूख आणखी आक्रसत गेला आणि शेवटी सुमारे ३१० चौरस मैलांचा डोंगराळ प्रदेश तेवढा उरला.

थंड हवेचे ठिकाण होण्याची प्रक्रिया

जव्हारला 'ठाणे जिल्ह्याचे महाबळेश्वर' म्हणण्याचा प्रघात होता. २०१४ नंतर त्यात फक्त जिल्ह्याचे नाव बदलले. ही उपमा अतिशयोक्त आहे. महाबळेश्वरची उंची साडेतेराशे मीटरच्या आसपास, तर जव्हारची साडेचारशेच्या आसपास आहे. तथापि प्रश्न केवळ उंचीचा नाही. माथेरान ही ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याच्या १८५० मधील भेटीनंतर वसलेली वसाहत होय. तेथे इंग्रजांचे बंगले झाले आणि १९०७ मध्ये छोटी रेल्वेही पोहोचली. जव्हार संस्थानी मुलखात असल्याने ते कंपनीच्या आणि नंतर सरकारच्या आरोग्यधामांच्या नकाशात आले नाही. लोहमार्गही दोन्ही बाजूंनी दूर राहिले. एक किनाऱ्याने गुजरातकडे गेला, दुसरा थळ घाटाने इगतपुरीकडे.

परिणामी जव्हार हे वसाहतकालीन 'हिल स्टेशन' न राहता एका लहान संस्थानाची राजधानी म्हणून वाढले. १९१८ मध्ये तेथे नगरपालिका स्थापन झाली. जयविलास राजवाडा शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांच्या कारकिर्दीशी जोडला जातो. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. यशवंतराव पुढे लोकसभेचे सदस्य झाले. आज हनुमान पॉइंट, सनसेट पॉइंट ही इंग्रजी वळणाची नावे जव्हारमध्ये रूढ आहेत. महाबळेश्वर-माथेरानच्या अनुकरणाने ती आली असावीत. इंग्रज येथे राहिले नाहीत, पण त्यांनी घडविलेली पाहण्याची रीत मात्र येऊन पोहोचली.

दोन प्रवास, एक रस्ता

जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्रात मोडतात. २०११ च्या जनगणनेनुसार जव्हार तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ४० हजार, तर मोखाड्याची सुमारे ८३ हजार होती आणि त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे होते. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी या प्रमुख जमाती. उतारावरची नाचणी-वरई आणि खाचरातील भात ही पिके पावसावर अवलंबून. भात झोडून झाले की घरातील धान्य किती महिने पुरेल याचा हिशेब मांडला जातो. तो हिशेब जुळत नाही म्हणून दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर, खाडीतील रेतीच्या कामावर, मिठागरांवर अथवा नाशिककडील द्राक्षबागांत जातात. अनेकदा मालकाकडून आधीच उचल घेतलेली असते, त्यामुळे परतण्याचा दिवस मजुराच्या हाती राहत नाही.

येथे एक विलक्षण विसंगती दिसते. मुंबई-नाशिकचा पर्यटक दोन हंगामांत येतो : पावसाळ्यात धबधब्यांसाठी आणि हिवाळ्यात थंडीसाठी. पावसाळ्यात गावकरी आवणीत गुंतलेले असतात. हिवाळ्यात पाहुणा 'शांत, निसर्गरम्य पाडा' पाहून सुखावतो. ती शांतता पुष्कळदा घरांना कुलूप असल्याची असते. ज्या शनिवारी मोटारी मनोर-विक्रमगडमार्गे जव्हारचा घाट चढतात, त्याच हंगामात त्याच रस्त्याने टेम्पो भांडीकुंडी, कोंबड्या आणि मुले घेऊन खाली उतरतात. जे लोक किनाऱ्याकडे जातात, त्यांना तेथील पुळण पाहण्यास सवड नसते. किनाऱ्यावर त्यांची ओळख मजूर म्हणून होते, प्रवासी म्हणून नव्हे.

या स्थलांतराची किंमत १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी साऱ्या राज्यापुढे आणली. तेव्हा प्रथमच मंत्री, अधिकारी आणि पत्रकार मोठ्या संख्येने या पाड्यांवर पोहोचले. जव्हारच्या भेटींच्या इतिहासात या भेटींचाही समावेश केला पाहिजे. 'कुपोषणाचे जव्हार' आणि 'निसर्गरम्य जव्हार' ही दोन्ही बाहेरून आलेल्यांनी दिलेली नावे आहेत.

पाण्याच्या बाबतीतही प्रवाह एकाच दिशेने वाहतो. वैतरणेवरील मोडकसागर १९५७ मध्ये, ऊर्ध्व वैतरणा १९७३ मध्ये आणि मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथील मध्य वैतरणा २०१४ मध्ये पूर्ण झाले. मुंबईची तहान त्यांवर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे. उन्हाळ्यात मोखाड्यातील अनेक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. पावसाचे मान अडीच हजार मिलिमीटरहून अधिक असलेल्या प्रदेशातील ही स्थिती आहे.

होळी, बोहाडा आणि घरी येणारे पाहुणे

होळीच्या सुमारास कामावर गेलेली माणसे शक्यतो परततात. त्यानंतरच्या काळात गावोगावी बोहाडा भरतो. गणपती, नरसिंह, रावण इत्यादींचे मुखवटे चढवून रात्रभर सोंगे नाचतात आणि देवी-महिषासुराच्या युद्धाने उत्सवाची सांगता होते. सोंग कोणत्या घराण्याने काढायचे, हा मान परंपरेने ठरलेला असतो. कामावरून रजा मिळो अथवा न मिळो, मानकऱ्यास यावेच लागते. वर्षातील या दिवसांत गाव भरलेले असते व गावकरीच यजमान असतात. अलीकडे मुखवटे शोभेची वस्तू म्हणून विकले जातात आणि वारली चित्रे हॉटेलांच्या भिंतींवर येऊन पोहोचली आहेत. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली होती. तरीही बोहाड्यातील मुखवटा आणि दुकानातील मुखवटा यांत भेद आहे : पहिला चढविण्यापूर्वी पूजला जातो.

किनाऱ्याचा अनुभव येथे उपयोगी पडतो. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला आणि तेथील उद्योगांवर बंधने आली. २०१३ पासून उपनगरी गाडी डहाणूपर्यंत धावू लागल्यावर गर्दी वाढली. त्याच तालुक्यातील वाढवण येथे बंदराची पायाभरणी २०२४ मध्ये झाली असून मच्छीमारांचा त्यास विरोध आहे. डोंगरात परिस्थिती निराळी आहे, कारण १९७४ च्या कायद्यानंतर आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीस सहजासहजी घेता येत नाही. पेसा कायद्याने (१९९६) ग्रामसभेस अधिकार दिले, राज्याचे नियम २०१४ मध्ये आले. म्हणूनच माथेरानसारखी बंगल्यांची वसाहत जव्हारमध्ये उभी राहिली नाही. ही बाब 'पर्यटनविकासातील अडथळा' म्हणून मांडली जाते. परंतु या अडथळ्यामुळेच निवारा, जेवण, वाटाड्या ही कामे स्थानिक कुटुंबांच्या हाती राहण्याची शक्यता टिकून आहे. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाचा आधारही त्यास घेता येतो. मात्र त्यासाठी यजमान हिवाळ्यात घरी असावा लागतो. वीटभट्टीचा हंगाम आणि पर्यटनाचा हंगाम एकाच वेळी येतो. भट्टीवरची उचल फेडण्याइतके उत्पन्न पाड्यातच मिळते का, यावर तो घरी राहील की टेम्पोत बसेल हे ठरते.