रेडिओची शिदोरी

रेडिओच्या इतिहासांत मार्कोनीचें नांव सर्वांस ठाऊक असतें; परंतु ज्या विद्युत्घटांनीं त्या यंत्रास घराबाहेर, रानांत आणि समुद्रावर बोलतें ठेविलें, त्यांची वार्ता सहसा कोणी घेत नाहीं. वस्तुतः यंत्र कितीही कुशल असो, शिदोरी सरली कीं तें मुकें होतें. ही शिदोरी कोणती घ्यावी आणि ती पुन्हां कशी भरावी, हे दोन प्रश्न प्रारंभापासून एकमेकांत गुंतलेले आहेत. त्यांचा विचार वेगवेगळा करणारा फसतो, असें आम्हांस वाटतें.

घटाच्या दोन मुख्य जाती रेडिओपूर्वींच्या आहेत. १८५९ सालीं गास्तों प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञानें शिशाचे पत्रे सौम्य गंधकाम्लांत बुडवून पुन्हां पुन्हां भरतां येणारा घट सिद्ध केला. पुढें लक्लांशेच्या १८६६ च्या घटांत सुधारणा करून कार्ल गास्नर यानें १८८६ सालीं कोरडा घट तयार केला. पहिला म्हणजे भरून ठेवावयाची घागर; दुसरा म्हणजे जेवण आटोपलें कीं टाकावयाची पत्रावळ.

१९२० नंतर रेडिओ घरांत शिरला, तेव्हां त्यास दोहोंचीही गरज पडली. व्हॉल्व्हचा तंतु तापविण्यास दाब थोडा, पण प्रवाह पुष्कळ लागे. तें काम २ ते ६ व्होल्टांची शिशाची बॅटरी करी. धनाग्रास मात्र ४५ ते १२० व्होल्टांचा दाब व अगदीं अल्प प्रवाह लागे. तेथें कोरड्या घटांची माळ उपयोगी पडे. इंग्लंडांत शिशाची बॅटरी भरून आणण्यासाठीं दुकानांत नेणें हा अनेक कुटुंबांचा नित्यक्रमच होता. आपल्याकडे मुंबईचें प्रक्षेपणकेंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. परंतु जेथें वीज पोंचली नव्हती, तेथें रेडिओ न्यावयाचा तर बॅटरीवांचून गत्यंतर नव्हतें.

या बॅटरीनें लोकांस एक धडा शिकविला: शिशाचा घट रिता ठेवूं नये. तसा ठेवल्यास पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि घट पुन्हां पुरता भरत नाहीं.

१८९९ सालीं स्वीडनमध्यें वाल्डेमार युंग्नर यानें निकेल-कॅडमियमचा घट काढला. तो रिता राहिल्यानें फारसा बिघडत नाहीं. मात्र दिलेली सर्व वीज त्यांत सांठत नसल्यानें, धारणेच्या दशांश प्रवाहानें त्यास १४ ते १६ तास भरावें लागतें. १९४७ सालीं ट्रान्झिस्टरचा शोध लागला, तंतु तापविण्याचा खर्चच उरला नाहीं, आणि १९५४ सालीं अमेरिकेंत निघालेला रीजन्सीचा खिशांतला रेडिओ २२.५ व्होल्टांच्या एका इवल्याशा बॅटरीवर गाऊं लागला. १९९१ सालीं सोनीनें लिथियम-आयनचा घट बाजारांत आणला. याचा नियम शिशाच्या अगदीं उलट: तो नेहमीं काठोकाठ भरलेला ठेवल्यास लवकर झिजतो, आणि नेहमींच्या जातीच्या घटास ४.२ व्होल्टांपुढें नेल्यास आगीचें भय असतें. म्हणजे जुन्या घटाची शिस्त नव्यास लावणें हा त्याचा घातच होय.

हा केवळ हौसेचा प्रश्न नव्हे. २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपांत दूरध्वनि व वीज दोन्ही कोलमडलीं, तेव्हां हौशी रेडिओवाल्यांनीं निरोप पोंचविले. अशा वेळीं १०० वॅटचें यंत्र ऐकतांना सुमारें १, पण बोलतांना २० अँपिअरपर्यंत प्रवाह ओढतें. शिशाचा घट जितक्या घाईनें उपसावा तितकें त्याचें एकूण देणें घटतें, हा पॉइकर्टचा १८९७ चा नियम येथें आडवा येतो. कवचावर २० अँपिअर-तास लिहिलेली शिशाची बॅटरी अशा उपशास तासभरही पुरत नाहीं. लिथियम-लोह-फॉस्फेटचे ३.२ व्होल्टांचे ४ घट जोडल्यास १२.८ व्होल्ट मिळतात; ते अशा यंत्रास मानवतात, वजनासही हलके असतात. परंतु त्यांस भरणारें साधनही त्यांच्याच जातीचें हवें.

म्हणून घट निवडतांना त्यावरील आंकडा वाचण्यापूर्वीं तो कोठें, कशानें आणि किती वेळांत भरेल हें विचारावें. शिदोरी मोठी असणें चांगलें. पण वाटेंत चूल कोठें पेटेल हें ठाऊक असणें अधिक चांगलें.