पहिली घोडदळ डिव्हिजन, जर्मन

पहिली घोडदळ डिव्हिजन, जर्मन : दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या सव्वादोन वर्षांत जर्मन भूसेनेत असलेली एकमेव घोडदळ डिव्हिजन. तिची स्थापना ऑक्टोबर १९३९ मध्ये झाली. पोलंड, नेदरलँड्स, फ्रान्स व सोव्हिएट संघ येथील मोहिमांत ती किंवा तिचे पूर्वरूप असलेली ब्रिगेड लढली आणि १९४१ च्या अखेरीस घोडी काढून घेऊन तिचे २४ व्या पँझर (रणगाडा) डिव्हिजनमध्ये रूपांतर करण्यात आले.

पार्श्वभूमी : व्हर्सायच्या तहाने (१९१९) जर्मनीला केवळ एक लाख सैनिकांची सेना ठेवण्याची मुभा दिली होती आणि तिच्या दहा डिव्हिजनांपैकी तीन घोडदळाच्या होत्या. रणगाडे बाळगण्यास बंदी असल्याने वेगवान हालचालींचा विचार करणारे बरेच अधिकारी याच दलात वाढले. १९३५ नंतर पुनःशस्त्रीकरण उघडपणे सुरू झाले, तेव्हा अनेक घोडदळ रेजिमेंटांतून रणगाडा व मोटारवाहित दले उभी राहिली आणि उरलेल्यांपैकी बहुतेक युद्धाच्या तोंडावर फोडून पायदळ डिव्हिजनांना टेहळणी तुकड्या म्हणून वाटून देण्यात आल्या. रस्ते विरळ आणि तळी, दलदली व जंगले विपुल अशा पूर्व प्रशियात मात्र इन्स्टरबुर्ग (सध्याचे रशियातील चेर्न्याखोव्स्क) येथील एक घोडदळ ब्रिगेड अखंड ठेवली गेली. सप्टेंबर १९३९ मध्ये ही ब्रिगेड कुर्ट फेल्ट यांच्या नेतृत्वाखाली तिसऱ्या सेनेबरोबर पोलंडमध्ये उतरली व तिच्यावरूनच पुढे डिव्हिजन उभारण्यात आली. फेल्ट हेच तिचे प्रमुख राहिले.

रचना व युद्धपद्धती : डिव्हिजनमध्ये १, २, २१ व २२ या क्रमांकांच्या चार स्वार रेजिमेंट, घोड्यांनी ओढलेल्या तोफांची एक रेजिमेंट, सायकलस्वारांची तुकडी आणि रणगाडाविरोधी व अभियांत्रिकी तुकड्या होत्या. १९४१ मध्ये तिच्याकडे सुमारे १७,००० घोडी असल्याचे सांगितले जाते. भाले किंवा तलवारी घेऊन शत्रूवर चालून जाणे हे तिचे काम नव्हते. स्वार घोड्यावरून मजल मारीत आणि शत्रू जवळ येताच उतरून पायदळाप्रमाणे बंदुका व मशिनगन घेऊन लढत. त्या वेळी मोकळी घोडी सांभाळण्यासाठी काही स्वारांना मागे थांबावे लागे, त्यामुळे तिच्या संख्याबळाच्या मानाने आघाडीवरची गोळीबाराची शक्ती नेहमीच कमी पडे. शिवाय दाणा-वैरण, नालबंदी व पशुवैद्यकीय उपचार यांचा भार पुरवठा व्यवस्थेवर रोज पडत असे.

पश्चिमेकडील मोहिमा : १० मे १९४० रोजी डिव्हिजनने अठराव्या सेनेच्या उजव्या बाजूने नेदरलँड्सच्या उत्तर प्रांतांत प्रवेश केला. डच सैन्याने कालव्यांवरील पूल उडवून माघार घेतली, तरी ग्रोनिंगेन, ड्रेन्टे व फ्रीसलंड हे प्रांत ओलांडून दोन दिवसांत तिने वोन्स येथील संरक्षण फळी फोडली. पुढे समुद्र अडवून १९३२ मध्ये पुरा केलेला, सुमारे ३२ किमी. लांबीचा आफ्स्लाउटडाइक हा बांध होता व त्याच्या तोंडाशी कोर्नवेर्डरझांट येथे काँक्रीटच्या बुरुजांची ठाणी होती. दोन्ही अंगांना पाणी आणि मध्ये आडोसा नसलेली अरुंद वाट अशा जागी १३ मे रोजी केलेला हल्ला फसला. दुसऱ्या दिवशी ‘योहान माउरित्स व्हान नासाऊ’ या डच युद्धनौकेने वाडन समुद्रातून जर्मन तोफांवर मारा केला. त्याच संध्याकाळी नेदरलँड्सने शरणागती पत्करल्याने हे ठाणे अखेरपर्यंत पडले नाही.

जूनमध्ये फ्रान्समध्ये ल्वार नदीकाठी सोम्यूर येथे तिची गाठ फ्रेंच घोडदळ विद्यालयाच्या प्रशिक्षणार्थींशी पडली. विद्यालयाचे प्रमुख कर्नल शार्ल मिशाँ यांनी विद्यार्थी व हाताशी आलेल्या इतर तुकड्या मिळून सुमारे अडीच हजारांच्या बळावर १८ ते २० जून या काळात नदीचे उतार रोखून धरले. या प्रतिकाराची दखल घेऊन फेल्ट यांनी पकडलेल्या विद्यार्थ्यांना युद्धकैदी न करता सोडून दिले.

सोव्हिएट आघाडी : जून १९४१ मध्ये डिव्हिजन हाइन्ट्स गुडेरिआन यांच्या दुसऱ्या पँझर गटात होती. प्रिप्येत दलदलीच्या कडेने गटाची दक्षिण बगल सांभाळण्याचे काम तिच्याकडे आले व जुलैमध्ये ती नीपर नदीवरील स्तारी बिखोव्हच्या परिसरात पोहोचली. चाके रुतणाऱ्या प्रदेशात घोड्यांचा उपयोग होई. पण रणगाड्यांची आघाडी शेकडो किलोमीटर पुढे सरकू लागताच तिच्याशी पल्ला राखणे आणि घोड्यांना दाणा पुरवणे ही दोन्ही कामे अवघड झाली. नोव्हेंबरमध्ये तिला आघाडीवरून काढून पूर्व प्रशियात आणण्यात आले. १९४१ च्या उन्हाळ्यात प्रिप्येत प्रदेशात हजारो ज्यूंची कत्तल करणारी एसएस (नाझी पक्षाचे सशस्त्र दल) घोडदळ ब्रिगेड मात्र या डिव्हिजनचा भाग नव्हती; ती एसएसप्रमुख हिमलरच्या अखत्यारीतील स्वतंत्र संघटना होती. पुढे तिच्यातूनच एसएसची घोडदळ डिव्हिजन उभी राहिली.

रूपांतर व शेवट : २४ व्या पँझर डिव्हिजनने घोडी सोडली, तरी घोडदळाचा सोनेरी पिवळा रंग, ‘रिटमाइस्टर’ (घोडदळातील कॅप्टन) यांसारखी पदनामे व उडी घेणाऱ्या स्वाराचे चिन्ह जपले. १९४२ च्या उन्हाळ्यात ती व्होरोनेझमार्गे स्टालिनग्राडला पोहोचली आणि गल्लोगल्लीच्या लढाईत झिजत गेली. नोव्हेंबरमध्ये सहाव्या सेनेबरोबर ती वेढ्यात सापडली व फेब्रुवारी १९४३ च्या आरंभी नष्ट झाली. तिचे तत्कालीन प्रमुख आर्नो फोन लेन्स्की कैद झाले. पुढे ते पूर्व जर्मनीच्या सेनेत जनरल होते. त्याच वर्षी फ्रान्समध्ये पुन्हा उभारलेली डिव्हिजन इटली, निकोपोल, हंगेरी व शेवटी पूर्व प्रशिया येथे लढली.

मूल्यमापन : या डिव्हिजनच्या विसर्जनाने जर्मन सेनेतील घोडा संपला नाही. सोव्हिएट संघावरील आक्रमणात ६ लाखांहून अधिक घोडी होती. त्यांतील बहुसंख्य पायदळाच्या तोफा व पुरवठ्याच्या गाड्या ओढत आणि युद्ध संपेपर्यंत ती ओढतच राहिली. मोठ्या प्रमाणावर स्वारांची दलेही १९४३ नंतर पूर्व आघाडीवर पुन्हा उभारावी लागली, कारण इंधन व वाहने यांची टंचाई वाढत गेली. यंत्रयुद्धासाठी प्रसिद्ध असलेल्या या सेनेची यांत्रिक बाजू किती अरुंद होती, याची जाणीव पहिल्या घोडदळ डिव्हिजनच्या इतिहासातून होते.