इतर हक्कातला बांध

जुना सातबारा हातात आला की बहुतेक जण आधी मालकाचे नाव पाहतात. मला सवय ‘इतर हक्क’ हा रकाना वाचायची. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या शेताच्या जुन्या उताऱ्यावर त्या रकान्यात दोनच शब्द आहेत : बंडिंग बोजा. वडिलांना विचारले तर म्हणाले, “बांध कव्हाच वाहून गेला, बोजा तेवढा राह्यला.” मृदसंधारण खात्याच्या इतिहासाचा माझा शोध तिथून सुरू झाला.

या बोजाचे मूळ मुंबई इलाख्यात आहे. 1942 साली तिथे जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला. उताराला आडवे, एकाच पातळीवर मातीचे बांध घालायचे, खर्चाचा काही भाग सरकारने सोसायचा आणि उरलेला शेतकऱ्याकडून हप्त्यांनी वसूल करायचा, अशी ती रीत. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 1956 साली तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि पुढे ही बांधबंदिस्तीही इकडे आली.

पण जमीन निराळी होती. हलक्या-मध्यम, पाणी लवकर मुरणाऱ्या रानात समपातळी बांध टिकतो. गोदावरी, दुधना, पूर्णा यांच्या खोऱ्यांतली भारी काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी सावकाश पिते. बांधाला पाणी तुंबते, पीक पिवळे पडते. उन्हाळ्यात त्याच मातीला भेगा पडतात, बांधही उलतो, आणि पहिल्या जोराच्या पावसात फुटतो. शिवाय समपातळीची रेषा धुरे पाहून जात नाही. एकाच्या रानात ती मधोमध शिरते, औत फिरवायला अडचण होते. शेतकऱ्यांनी बांध नांगरून टाकले, ते अडाणीपणाने नव्हे. जास्तीचे पाणी हळूहळू काढून देणारे ढाळीचे बांध, उताराला आडवी पेरणी, पुढे रुंद वरंबा-सरी हे काळ्या जमिनीला मानवणारे उपाय. 18 मे 1972 रोजी परभणीतच कृषी विद्यापीठ उभे राहिले आणि कोरडवाहू शेतीचे संशोधन जिल्ह्याच्या दारात आले.

त्याच वर्षी मोठा दुष्काळ पडला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीने लोकांना जगवले. तिचा कायदा 1977 साली झाला आणि 1979 पासून अमलात आला. पाझर तलाव, नालाबांध, बंडिंग ही कामे मजुरांच्या हाताला काम म्हणून निघू लागली. त्यात काही गैर नव्हते. मात्र कामाचा हिशेब मजुरीच्या दिवसांत होऊ लागला, आणि पाणी किती थांबले हा प्रश्न मागे पडला.

1983 च्या सर्वंकष पाणलोट क्षेत्र विकास कार्यक्रमाने एकक बदलले. एकेका शेताऐवजी, ज्या परिसराचे पाणी एका ओढ्याला मिळते तो सगळा परिसर धरायचा आणि माथ्याकडून पायथ्याकडे यायचे. विचार बरोबर होता, पण खाती निरनिराळी होती. माती कृषी खात्याची, लहान तलाव पाटबंधाऱ्याचे, झाडे सामाजिक वनीकरणाची, विहिरींची पातळी भूजल यंत्रणेची. 1992 साली मुख्यमंत्री सुधाकरराव नाईक यांनी या कामांसाठी स्वतंत्र जलसंधारण विभाग केला. 2000 साली जलसंधारण महामंडळ, त्यानंतर केंद्राच्या 2008 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे वसुंधरा पाणलोट विकास यंत्रणा, आणि 2017 मध्ये औरंगाबादच्या वाल्मीत मृद व जलसंधारण आयुक्तालय. दर टप्प्यावर नवी पाटी लागली, नवे शासन निर्णय निघाले. मधल्या काळात, 1 मे 1999 रोजी, परभणीतून हिंगोली वेगळा झाला. आता पूर्णेवरचे येलदरी धरण जिंतूर तालुक्यात आणि त्याच्या खालचे सिद्धेश्वर हिंगोलीत. नदी तीच, कचेऱ्या दोन.

हे सगळे बदल दिखाऊ होते असे मी म्हणणार नाही. पूर्वी साखळी टाकून, डोळ्यांनी अंदाज घेऊन आखणी व्हायची. आज उपग्रहाचा नकाशा आहे आणि प्रत्येक बंधाऱ्याचा ठिकाणासह फोटो आहे. काम न करता बिल काढणे त्यामुळे अवघड झाले. पण बांधून झालेल्या कामाला पुढे कोण सांभाळणार, हे कोणत्याही फेररचनेत नीट ठरले नाही. देखभालीसाठी लोकवर्गणीतून पाणलोट विकास निधी साठवावा, हे केंद्राच्या 1995 च्या मार्गदर्शक सूचनांत होतेच. जलयुक्त शिवार अभियानावर सुमारे 9,600 कोटी रुपये खर्च झाले. 2020 साली महालेखापालांच्या अहवालाने नमुना म्हणून तपासलेल्या गावांत देखभाल-दुरुस्तीची व्यवस्था उभी राहिली नसल्याकडेच बोट दाखवले. गाळाने भरलेला बंधारा नकाशावर निळाच दिसतो.

हिवरे बाजारचे नाव आपण सारखे घेतो. तिथे चर खणले गेले, तसे इतरत्रही खणले गेले. फरक नंतरच्या शिस्तीत आहे. पाऊस मोजून, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडून पिके ठरवायची, हे काम तिथे दरवर्षी होते. बंधारा त्या गावाला आपला वाटतो, कारण त्याच्या पाण्याचा हिशेब गावच करते.

महसूल खाते आता बंडिंग बोजासारख्या कालबाह्य नोंदी सातबाऱ्यावरून कमी करत आहे. ते रास्तच आहे. नसलेल्या बांधाचे ओझे कुणाच्या नातवाने का वाहावे? तरी तो उतारा मी जपून ठेवला आहे. त्या नोंदीत अन्याय होता, पण बांध आणि माणूस एका कागदावर होते. नव्या नोंदीत बंधाऱ्याचे अक्षांश-रेखांश आहेत, खर्च आहे, पूर्णत्वाची तारीख आहे. पुढच्या वैशाखात त्यातला गाळ कोण काढणार, हे लिहायला मात्र अजून रकाना नाही.