सराफ्याचे ओटे

१८१८ साली होळकरांची राजधानी महेश्वरहून इंदूरला आली, आणि राजवाड्याच्या आसऱ्याने बाजार वाढला. त्यातल्या सराफ्याची आठवण काढताना आपण जिलेबी, मालपुवा, मावाबाटी मोजतो. ओटा कुणाचा, हे विसरतो. दिवसा इथे सोन्याचांदीचा व्यवहार. रात्री सराफ कुलूप लावतो आणि त्याच्याच पायरीशी कढई चढते. हलवायाला जागा मिळाली, सराफाला फुकटची राखण, असे जुने लोक सांगतात. मला ते पटते. आता गर्दी वाढली, गॅसच्या टाक्या आल्या. आगीच्या भीतीने सराफ कुरकुरतात. त्यांना लगेच खडूस म्हणू नका. तुमच्या आजीचे डोरले ज्या पेढीवर घडले, तिच्याच ओट्यावर नातवंडांनी शिकंजी प्यायली असेल (इंदुरी, म्हणजे दुधाची, लिंबाची नव्हे).